प्राइम रिबचे तीन वाटे

मी निघाले त्या दिवशी आमच्या अंगणात माणसांपेक्षा पिशव्या जास्त होत्या. आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात, खाडीच्या काठाला, आणि तेव्हा गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातला एक तरी पुरुष सौदीत होता. मी नवऱ्याकडे चालले म्हणजे अख्ख्या मोहल्ल्याची टपालगाडीच चालली, असा सगळ्यांचा समज. कुणी सोडे आणले, कुणी सुके बोंबील, कुणी आंब्याची साठं, कुणी घरी कुटलेला मसाला. हे जुबैलला अमक्याला, ते यान्बूला तमक्याला. जुबैल देशाच्या एका टोकाला आणि यान्बू दुसऱ्या, हे ना देणाऱ्याला माहीत होतं ना मला. वजनाच्या धास्तीनं मी एकेक पिशवी बाहेर काढत होते आणि अम्मी ती परत आत कोंबत होती. "वजन नको बघूस गो, मानूस बघ," एवढंच तिचं पालुपद.

मग तिनं माझ्या दंडाला इमाम जामीन बांधला, हिरव्या कापडात गुंडाळलेलं नाणं, प्रवास सुखरूप व्हावा म्हणून. जीप सुरू झाली. मी रडणार होते, पण मांडीवर बोंबलांची पिशवी होती आणि तिचा वास नाकात असा भरला की रडूसुद्धा धड येईना. विमानतळावर अर्ध्या पिशव्या काढून पोचवायला आलेल्या मामूंच्या हातात द्याव्या लागल्या. मी घर सोडलं ते असं, चिडून.

खरं सांगायचं तर ती चिडचिड अजून उतरलेली नाही. गावात राहिलेल्यांवर मी चिडते, कारण त्यांना वाटतं आम्ही इथे एसीत बसून खजूर खातो. इथे आलेल्यांवरही चिडते, कारण 'पुढच्या वर्षी खलास, फायनल एक्झिट, कायमचं गावी' असं ते दर वर्षी म्हणतात आणि दर वर्षी इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, वाढवून घेतात. त्यात मीही आलेच. माझा नवरा इक्बाल जुबैलच्या एका केमिकल प्लांटमध्ये शिफ्टवर जातो, मी भारतीय शाळेत शिकवते. मुलगी सानिया दहावीत आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींनाही वाटतं की समोरची मुद्दाम करतेय.

पण सगळ्यांत जास्त मी चिडते ती अम्मीवर. अब्बा गेल्यापासून ती गावात एकटी आहे आणि मी तिची एकुलती एक. गेल्या वर्षी ती न्हाणीत घसरून पडली, बराच वेळ तशीच पडून राहिली. मला कळलं चार दिवसांनी, तेही शेजारच्या हमीदाभाभीच्या तोंडून चुकून निघालं म्हणून. "तुना सांगून काय, तू काय उडून येनार होतीस?" हे तिचं म्हणणं. त्यावर मी फोन आपटला. नंतर शाळेच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिच्या व्हिजिट व्हिसाच्या मागे लागलो.

अम्मी आली. आल्या आल्या तिनं माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, ते मला आवडलं. माझी खिडकी उघडून बाहेर कोण दिसतं का बघायला लागली, ते मात्र मला दुखलं. खिडकीबाहेर गाड्यांचं छप्पर, एक भिंत आणि लांबवर प्लांटची ज्वाला. "ती बत्ती कोन विझवत का नाय?" असं ती रोज विचारायची. तिचा व्हिसा संपत आला होता. तो वाढवता येत होता, इक्बालनं सगळं विचारून ठेवलं होतं. तिनं फक्त एकदा 'राहते' म्हणायचं होतं, बाकीचं आम्ही बघणार होतो. पण मी विषय काढला की तिला नमाजाची वेळ तरी आठवायची, नाहीतर डाळ करपल्याचा वास तरी यायचा.

इक्बालची अक्कल अशी की माणसाचं मन पोटातून वळवावं. खोबर शहरात एक अमेरिकन स्टेकहाउस आहे. तिथे कंपनीनं त्यांच्या टीमला एकदा सेफ्टी अवॉर्डचं जेवण दिलं होतं, आणि तेव्हापासून आमच्या घरात प्राइम रिबचं नाव दर आठवड्याला निघतं. बैलाच्या बरगडीचा अख्खा तुकडा, तासन् तास मंद आचेवर भाजलेला, टेबलाजवळ आणून कापून वाढतात. "अम्मींना तिथं नेऊ," इक्बाल म्हणाला. "त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलंय. एकदा आरामात बसून खाऊ दे. तिथंच विचारू, नाही म्हणणार नाहीत." मी म्हटलं, समुद्रकाठच्या कॉर्निशला नेऊ, वाळूत चटई टाकू, मासे तळून नेऊ. पण त्यानं टेबल बुक करून टाकलं होतं, शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर.

जुबैल ते खोबर हा रस्ता मला पाठ आहे, आणि तरी कंटाळा येतो. दोन्ही बाजूंनी वाळू, मधेच उंटांची पाटी, उंट कधीच नाही. गाडी मी चालवत होते. अम्मीला त्याचं भारी कौतुक. ती वाटभर पुढच्या ट्रकवाल्यांना सलाम करत होती. ती इतकी खुशीत होती की आज जमणार असं मलाही वाटायला लागलं.

बाहेर भर दुपार आणि आत दिवेलागण, असं ते हॉटेल. लाकडी भिंती, लाल चामड्याचे उंच पाठीचे बाक, टेबलावर मेणबत्ती. "लाइट गेलाय काय इथं?" अम्मीनं विचारलं. इक्बाल म्हणाला, "नाही अम्मी, असंच असतं." "मग आपन बसलोय कुठं ते तरी कलू दे," असं म्हणून तिनं सानियाच्या मोबाइलची बॅटरी लावायला लावली. पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. मेन्यू इंग्रजीत, माझ्या शाळेच्या हजेरीपटापेक्षा मोठा. वाइनच्या उंच ग्लासांत द्राक्षाचा रस आला. अम्मीनं तो पाठवून दिला आणि पाणी मागितलं, तर पाण्याची बाटलीही बुडबुड्यांची निघाली. मी चिडायला लागले होते, पण अजून दातावर दात दाबून हसत होते.

मग ती ट्रॉली आली. चकचकीत, चाकांवरची, वर मोठं घुमटासारखं झाकण. ती ढकलत आणणारा वाढपी मधल्या वयाचा नेपाळी होता, डोक्यावर उंच पांढरी टोपी. त्यानं झाकण उघडलं. वाफ वर गेली आणि आत तो बरगड्यांचा डोंगर. इक्बालनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू त्यानंच भाजला होता.

अम्मी उठून उभी राहिली. पदर डोक्यावर सारखा केला, दोन्ही हात पसरून वर धरले आणि पुटपुटत दुआ मागितली. वाढपी सुरी हातात धरून तसाच थांबला. दुआ संपवून तिनं त्याला तिच्या हिंदीत विचारलं, "बेटा, किसका अकीका है?"

आमच्याकडे एवढं मांस एकदम दिसतं ते अकीक्याला, म्हणजे बाळ जन्मल्यावरच्या कुर्बानीला, नाहीतर बकरी ईदला, लग्नाला किंवा कुणाच्या चाळिसाव्याला. तिच्या हिशेबात हे कुणाचं तरी कार्य असणारच होतं, आणि यजमानाला दुआ दिल्याशिवाय जेवायला बसणं म्हणजे फुकट्यासारखं.

वाढपी मायेनं हसला. "अम्मा, किसी का नहीं है. ये तो रोज़ का है."

"रोज?" अम्मी माझ्याकडे वळली. "रोज कोन जल्मतं गो इथं?"

सानिया खुदकन हसली आणि म्हणाली, "नानी, it's just lunch." मला हसू आलं नाही. मला त्या क्षणी सगळ्यांचाच राग आला. अम्मीचा, तिच्या पसरलेल्या हातांचा, त्या टोपीचा, आणि वळून बघणाऱ्या टेबलांचा.

वाढप्यानं तिच्यासाठी चपलेएवढा तुकडा कापला. कडेनं तपकिरी, आत गुलाबी, आणि खाली ताटलीत लाल पाणी. अम्मी बघतच राहिली. "ह्याचा जीव अजून गेला नाय," ती हळूच म्हणाली. मी वाढप्याला सांगितलं, पूर्ण शिजवून द्या. तो अदबीनं म्हणाला, मॅडम, ह्याची मजा जाते. मी म्हटलं, जाऊ दे. त्यानं तुकडा ट्रॉलीवरच्या गरम पातळ रश्श्यात बुडवून ठेवला, गुलाबी रंग गेला तेव्हा परत वाढला. अम्मीचा चेहरा खुलला. "रस्सा होता तर आधी का नाय बोललास रे!" इक्बालनं टेबलाखालून माझा हात दाबला. आता विचारतो, असा त्याचा अर्थ.

पण अम्मी खायला लागली नव्हती. तिनं सुरी उचलली आणि त्या तुकड्याचे अगदी मापून तीन भाग केले. एक स्वतःपुढे ठेवला. एक पावाच्या बशीत, एक सॅलडच्या बशीत. मग हात पुसून म्हणाली, "ह्यांना दोन डबे आनायला सांगा."

गावातल्यांना हे मी काय सांगायचं! कुर्बानीचे तीन वाटे. एक घरचा, एक नात्यागोत्याचा आणि शेजाऱ्यांचा, एक गरिबाचा. आणि वाटे काढायचे ते तोंडात घास जायच्या आधी. उष्टं कुणाला देत नाहीत. हे कुर्बानीचं मांस नव्हतं, रोजचं जेवण होतं, हे तिला आता कळलं होतं. पण एवढा मोठा तुकडा समोर आला आणि तो वाटल्याशिवाय खायचा, हे तिच्या हाताला जमेना.

"अम्मी, खा ना, थंड होतंय," इक्बाल म्हणाला. आणि मग त्यानं एका दमात विचारून टाकलं. "अम्मी, तुम्ही इथंच राहा. व्हिसा वाढवतो मी. गावात एकट्या कशाला? इथं मुलगी आहे, नात आहे, डॉक्टर जवळ आहे. फक्त हो म्हणा."

अम्मीनं त्याच्याकडे पाहिलं. जावयाला ती कधी तोडून बोलत नाही. तिनं मलाच विचारलं, "हा नात्यागोत्याचा वाटा. जुबैलात तू कोनाच्या घरी देशील, तेवढं सांग."

मी तोंड उघडलं. झुबेदाचं नाव आठवलं, पण झुबेदा यान्बूला गेली. शेख कुटुंब कॅनडाला गेलं. रोह्याची एक बाई होती, ती फायनल एक्झिट घेऊन गेली, निरोपाला मी गेले होते की मेसेज पाठवला होता, तेही आठवेना. व्हॉट्सॲपवर तीन ग्रुप आहेत. त्यांतल्या कुणाच्या दाराशी मी डबा घेऊन जाऊ शकते? आमच्या समोरच्या दारात एक इजिप्शियन कुटुंब राहतं. आम्ही लिफ्टमध्ये सलाम करतो. त्या बाईचं नाव मला माहीत नव्हतं. मी तरी म्हटलं, "समोरच्यांना देऊ."

"नाव काय तिचा?"

आणि माझा बांध फुटला. "अम्मी, इथं असं नसतं! इथं कुणी कुणाच्या दारात बशी घेऊन जात नाही! लोक कामाला येतात, काम करतात, जातात! तू पडून राहिलीस न्हाणीत तेव्हा काय उपयोग झाला तुझ्या शेजाराचा? तुला कळत कसं नाही, मला रात्री झोप लागत नाही!" मी मराठीत ओरडत होते, एका अमेरिकन हॉटेलात, सौदीत, आणि कोपऱ्यातल्या सौदी कुटुंबातली आजी माझ्याकडे बघत होती. सानियानं मान खाली घातली.

अम्मी शांत होती. "हमीदा आयली ना पन दार ढकलून," ती म्हणाली. "भाकरी घेऊन आयली होती. म्हनून तर उठवलान मना." मग तिनं बिस्मिल्ला म्हटलं आणि आपला एक तृतीयांश भाग शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. चांगला आहे म्हणाली. मीठ कमी आहे, तेही म्हणाली.

आम्ही बाकीचेही जेवलो. इक्बालनं ज्या जेवणाची इतकी वाट पाहिली, त्याचं मला नुसतं चावणंच आठवतं.

बाहेर पार्किंगमध्ये उन्हाचा भडका. गाड्यांना जागा दाखवणारा एक माणूस टोपीखाली रुमाल बांधून उभा होता. मी थांबवायच्या आत अम्मी डबा घेऊन त्याच्यापुढे. "लो बेटा, गरम है, जूठा नहीं है." त्यानं डबा घेतला, वास घेतला, आणि कानकोंडा होऊन परत पुढे केला. निजामाबादचा होता तो. "माँजी, हम लोग ये नहीं खाते."

अम्मीचा चेहरा असा उतरला की मला तो बघवेना. गावात तिच्या हातून असं कधी झालं नसतं. कोळीवाड्यात कुणाला काय चालतं, कुणाचा सोमवार असतो, मास्तरांच्या घरी ईदला मटण नाही, नारळ आणि कोऱ्या शेवया द्यायच्या, हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. तिनं त्याची दोनदा माफी मागितली. वेगळ्या पिशवीत बांधून दिलेले पाव होते, ते त्याला दिले, नाव विचारलं, आई आहे का विचारलं. मग गाडीत येऊन बसली.

खोबर मागे पडल्यावर म्हणाली, "बघ. मना त्याचा नाव म्हायती नाय, तर खाना कसा म्हायती असनार. मी हितं राहून कोनाला काय देऊ गो? नुसती खात बसू?"

मी रागानं गाडी चालवत होते. राग तिचा नव्हता हे मला तेव्हाच कळत होतं, पण कुणाचा होता ते कळत नव्हतं.

घरी पोचल्यावर तिनं दुसरा डबा हातात घेतला आणि समोरच्या दाराची बेल वाजवली. मी मागे उभी, अरबीत काय बोलायचं ते मनात जुळवत. बेल वाजत राहिली. शेवटी इमारतीचा बंगाली वॉचमन वर आला. "मॅडम, वो लोग तो खलास. फायनल एक्झिट. डेढ़ महीना हो गया." दीड महिना. त्यांच्या दारासमोरून मी रोज दोनदा ये-जा करत होते.

अम्मीनं मला एका शब्दानंही टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. तो वाटा दुसऱ्या दिवशी सानियानं पावात घालून शाळेत नेला.

व्हिसा संपायच्या आत अम्मी गेली. दम्मामच्या विमानतळावर मी तिला शेवटचं विचारून पाहिलं, ती म्हणाली, "तू ये." जणू काही जुबैलहून गावाला सायकलवर जाता येतं. ती गेल्यावर इक्बालनं काही दिवस माझ्याशी जपून बोलायचं धोरण ठेवलं. त्याच्या प्राइम रिबचं नाव आता घरात निघत नाही, आणि त्याबद्दलही मला वाईट वाटतं. बिचाऱ्यानं चांगल्या मनानं नेलं होतं.

मग बकरी ईद आली. आमची कुर्बानी आता मोबाइलवर होते. बटण दाबलं की झालं, थोड्या वेळानं मेसेज येतो की तुमची कुर्बानी पार पडली. मांस कुठे जातं, कुणाच्या ताटात पडतं, आपल्याला दिसतही नाही. ईदच्या दुसऱ्या दिवशी मी अम्मीला व्हिडिओ कॉल केला. मोबाइल धरायला हमीदाभाभीची सून होती. अम्मी खुशीत सांगत होती, बोकड कसा निघाला, कुणाला किती वाटा गेला. हमीदाकडे, खालच्या आळीत, मशिदीच्या मागच्या विधवा बाईकडे, नव्यानं आलेल्या दवाखान्याच्या नर्सकडे. मला त्या सगळ्या नावांचा कंटाळा आला, आणि हेवाही वाटला.

"आनि तुझा ठेवलाय फ्रीजरात," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. "माझा काय?"

"तुझा वाटा. दर वर्षी ठेवते ना. तू सुट्टीत आयलीस की कालवन करून घालते, तो कुठला वाटला तुना?"

मी म्हटलं, "अम्मी, मी आले तर येते ऑगस्टात, कधी दोन-दोन वर्षं येतच नाही! गावात लाइट किती वेळ असते? ते मांस खराब होतं, माहीत आहे ना? काही खाऊ नकोस त्यातलं. टाकून दे."

"टाकते ना. वास आयला का टाकते, बाजारातून पावशेर आनून परत ठेवते." तिला माझ्या आवाजातला राग समजत नव्हता, की समजून ती तिकडे बघत नव्हती, कोण जाणे. "पन पिशवी रिकामी नाय ठेवत. तुझा वाटा हाय तो."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहून खूप रडले. मग चिडले. मग परत रडले. इकाम्यावर माझा पत्ता जुबैलचा आहे. इथे माझी नोकरी आहे, माझी गाडी, माझी मुलगी, आणि ती मुलगी या गावालाच आपलं गाव म्हणते. तिचं चुकत नाही. पण मला कुणी विचारलं, तुझं घर कुठलं, तर मी सांगेन, जिथे मी नसतानाही माझा वाटा निघतो ते. बाकी सगळ्या नुसत्या राहायच्या जागा.

आणि गावात हे वाचत असाल तुमच्यापैकी कुणी, तर माझ्या अम्मीच्या त्या फ्रीजला एक इन्व्हर्टर लावून द्या हो.